पाच खुर्च्यांच्या मागे उभा असलेला माणूस

गेल्या अंकात मी डॅनी सोरेन्सनवर लिहिलं होतं, गेममधलं नाव झोनिक. ज्यांचा तो अंक राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कचा माणूस, 1986 चा जन्म, आधी काउंटर स्ट्राइक 1.6 या पाच विरुद्ध पाच अशा बंदुकांच्या कॉम्प्युटर गेमचा प्रोफेशनल प्लेयर, 2015 पासून कोच. या गेममधली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे मेजर, आणि कोच म्हणून त्याने ती पाच वेळा जिंकलीये, चार वेळा डेन्मार्कच्या ॲस्ट्रालिसबरोबर आणि एकदा फ्रान्सच्या व्हायटॅलिटीबरोबर. लेख आल्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा सगळा कॉलम त्यांनाच देतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, राग मानू नका.

प्रश्न : झोनिक जगात नंबर एकचा प्लेयर होता असं कधी ऐकलं नाही. मग जो स्वतः टॉपला नव्हता तो ॲस्ट्रालिसच्या डिव्हाइससारख्या स्टार प्लेयरला काय शिकवणार? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सोलापूर

आधी एक सांगतो, झोनिक साधासुधा प्लेयर नव्हता. 2008 मध्ये एमटीडब्ल्यू नावाची डॅनिश टीम जगातल्या सगळ्यात तगड्या टीममध्ये धरली जायची, त्या वर्षी अमेरिकेत सॅन होजेला झालेला इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्स वर्ल्ड कप त्यांनी मारला आणि झोनिक त्या पाचजणांत होता. तुमच्यापैकी बऱ्याचजणांचा तेव्हा गेमशी संबंधही आला नसेल म्हणून हे नाव कानावर नाही, एवढंच.

पण तुमचा मूळ प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर शिवाजी पार्कवर कधीच मिळालंय. आचरेकर सर स्वतः फर्स्ट क्लास मॅच फक्त एक खेळले, आणि त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं हे मी सांगायला नको. ईस्पोर्ट्समध्येही, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोबाइल गेमच्या स्पर्धांमध्येही, तसंच दिसतं. कोरियाचा किम जोंग-ग्युन लीग ऑफ लेजेंड्स या दुसऱ्या गेमचा प्लेयर म्हणून थोडाच काळ खेळला, आणि मग कोच म्हणून एसकेटी टीमला 2013, 2015, 2016 असे तीन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून दिले, परत आला तेव्हा 2024 चाही. युक्रेनचा आंद्री होरोदेन्स्की, ब्लेड म्हणून ओळखतात, तो खेळायचा तेव्हा त्याच्या नेमबाजीचं कोणी फार कौतुक करत नव्हतं, तो कॉल देणारा, म्हणजे खेळताना कोणी काय करायचं ते सांगणारा कॅप्टन होता, पण 2021 ला स्टॉकहोमच्या मेजरमध्ये त्याची नावी ही टीम एकही मॅप न हरता जिंकली. मॅप म्हणजे गेममधलं मैदान, मॅचचा एकेक डाव एकेका मॅपवर होतो. अख्ख्या स्पर्धेत एकही मॅप नाही. आणि 2024 ला कोपनहेगनचं मेजरही त्याच टीमने जिंकलं, तेही बरेचसे प्लेयर बदलून.

डिव्हाइसला नेम धरायला कोणीच शिकवायची गरज नाही हो. पण खेळताना प्रत्येकाला फक्त स्वतःचा स्क्रीन दिसतो. बाकी चौघं कुठे चुकले, तू जे बोललास ते ऐकायला गेलं का, दर वेळेस दहाव्या राऊंडनंतर तू गप्प का होतोस, हे बघायला बाहेरचा एक डोळा लागतो, आणि तो डोळा असा लागतो ज्याने स्वतः ते प्रेशर खाल्लंय.

प्रश्न : मॅच बघताना कोच मागे नुसता उभा दिसतो, काही बोलतही नाही. मग तो नेमकं करतो काय? – कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर

बोलत नाही कारण बरीच वर्षं बोलायची परवानगीच नव्हती. त्याच्या आधी होती. 2016 च्या सुरुवातीला काही टीम्सचे कोच चालू राऊंडमध्ये सगळे कॉल द्यायचे, म्हणजे पाच विरुद्ध सहा असाच प्रकार. मग त्या वर्षी ऑगस्टमध्ये हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नियम केला की कोचने वॉर्मअपला बोलायचं, हाफटाइमला बोलायचं, आणि टाइमआउटमध्ये, आणि टाइमआउट किती, तर 30 सेकंदांचे चार. म्हणजे वॉर्मअप आणि हाफटाइम सोडले तर अख्ख्या मॅपमध्ये कोचच्या हातात मोजून दोन मिनिटं! बऱ्याच कोचचं काम तिथेच संपलं. झोनिकसारख्यांचं खरं काम तिथून सुरू झालं असं मला मनापासून वाटतं, कारण मॅचमध्ये बोलता येत नाही म्हटल्यावर जे काही सांगायचं ते आधीच्या दहा दिवसांत मुलांच्या अंगात भिनवावं लागतं.

बघा, बेस्ट ऑफ थ्री मॅच असेल तर सात मॅप असतात, दोन्ही टीम आळीपाळीने मॅप बाद करतात आणि आपापला एकेक निवडतात, शेवटी उरतो तो तिसरा. इथेच अर्धी मॅच ठरते. समोरची टीम कुठला मॅप टाळते, आपल्याला कुठल्या मॅपवर ओढायला बघते, हा सगळा अभ्यास कोच आणि ॲनालिस्टचा. 2018-19 च्या काळात ॲस्ट्रालिस लॅनवर, म्हणजे एकाच ठिकाणी समोरासमोर खेळताना, न्यूक हा मॅप सलग 31 वेळा जिंकली. पुढे पुढे तर समोरची टीम न्यूक थेट बादच करायची, म्हणजे त्यांचा एक बाद करायचा चान्स खेळायच्या आधीच खर्च.

मग ग्रेनेड, धूर करणारा स्मोक, डोळे दिपवणारा फ्लॅश, आग लावणारी मॉली वगैरे. एका प्लेयरकडे चार मावतात, पाचांचे मिळून वीस. राऊंड असतो 1 मिनिट 55 सेकंदांचा. ॲस्ट्रालिसच्या आधी लोक ग्रेनेड वापरत नव्हते असं नाही, पण ॲस्ट्रालिसने ते वीसच्या वीस एका वाद्यवृंदासारखे वापरले, याचा स्मोक विझायच्या आधी त्याचा फ्लॅश, फ्लॅश फुटतो तोवर तिसऱ्याची मॉली कोपऱ्यात, आणि समोरचा माणूस बंदूक न चालवताच जागा सोडून पळतो. कॅप्टन ग्लेव्हचं डोकं त्यात प्रचंड होतं, श्रेय त्याचंही आहे, पण ही गोष्ट रोज घोटून घ्यायला मागे कोणीतरी लागतो.

आता माझ्याकडचं एक सांगतो. पुण्यात मी रविवारी काही मुलांचे डेमो, म्हणजे खेळलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग, बघतो. गेल्या महिन्यात एकजण सतत मिराज मॅपवर कनेक्टर नावाच्या जागी मरत होता. तो म्हणे, सर माझा एम, म्हणजे नेम, गेलाय, माऊसची सेन्सिटिव्हिटी बदलू का. डेमो लावला. मिडला, म्हणजे मॅपच्या मध्यभागी, स्मोक पडतो, हा थांबतो, एक, दोन, तीन, चार सेकंद, मग दोन पावलं पुढे जातो आणि मरतो. पुढच्या राऊंडला तेच, त्याच्या पुढच्या राऊंडलाही तेच, चार सेकंद आणि दोन पावलं. मग त्यांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग त्याच्यावर लावलं, तर त्या चार सेकंदांत पूर्ण शांतता. विंडो नावाच्या जागी उभ्या पोराने मिडला कोणी आहे की नाही हे सांगायचं असतं, तो बोलतच नव्हता, आणि हा बिचारा त्याच्या आवाजाची वाट बघून शेवटी स्वतःच बघायला जायचा. एम एकदम ठीक होता त्याचा. विंडोवाला पोरगा का बोलत नव्हता हे विचारलं तर म्हणाला, मागे एकदा चुकीचं सांगितलं होतं तेव्हा सगळे ओरडले होते. कोचला काय करावं लागतं म्हणता ना, हे करावं लागतं.

प्रश्न : मी कबड्डी खेळते. लीगमध्ये मस्त खेळतो, फायनल आली की सगळ्यांचे हातपाय गळतात. तुमच्या लेखात ॲस्ट्रालिसही आधी अशीच होती असं वाचलं. त्यांनी काय केलं? – जिल्हा पातळीवरची खेळाडू, सांगली

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. हो, अगदी अशीच होती ती टीम. 2014-15 मध्ये या डॅनिश मुलांचं नाव वेगवेगळ्या क्लबच्या जर्सीत सगळीकडे होतं, टॅलेंट सगळ्यांना दिसत होतं, आणि मोठ्या स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत यायचं आणि ढेपाळायचं हे इतकं नेहमीचं झालं की लोक त्यांना चोकर्सच म्हणायला लागले. 2016 च्या जानेवारीत त्यांनी ॲस्ट्रालिस काढली, प्लेयर स्वतः त्यात भागीदार होते, तरी पुढचे काही महिने तेच रडगाणं.

मग त्यांनी तेव्हा या क्षेत्रात फारसं कोणी करत नव्हतं ते केलं, मिया स्टेलबर्ग नावाच्या फिनलंडच्या स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टला टीमबरोबर घेतलं. त्याच सुमारास ग्लेव्ह कॅप्टन म्हणून आला. आणि जानेवारी 2017 ला अटलांटात मेजरची फायनल, समोर पोलंडची व्हर्टस प्रो, अनुभवी, घाबरणं माहीत नसलेली माणसं. मॅच तिसऱ्या मॅपवर गेली, ट्रेन नावाचा मॅप, आणि ज्यांना जग चोकर म्हणत होतं त्यांनी तो 16-14 ने काढला. मी ती मॅच पहाटे बघितली, घरात सगळे झोपलेले, शेवटचा राऊंड संपला तेव्हा ओरडता येईना म्हणून उशी तोंडावर धरलेली. पुढे हेच लोक 2018 ला लंडन, 2019 ला कातोवित्से आणि बर्लिन अशी सलग तीन मेजर जिंकले, आणि त्या तिन्ही फायनल 2-0.

तुमच्यासाठी यात काय, तर हातपाय गळणं हा स्वभाव नाही, ती सवय आहे आणि सवयीवर काम करता येतं. चूक झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत कोण काय बोलणार हे आधी ठरवा. तुमच्यात रेडर आउट झाला की कोण बोलतं? काय बोलतं? ओरडतं का? प्रॅक्टिसला मुद्दाम हरत्या स्कोअरवरून सुरू करा, पाच मिनिटं उरलीत आणि आपण सात पॉइंट मागे, असं. आणि एखादी बाहेरची व्यक्ती, जिल्ह्यातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम असतील, त्यांना एक दिवस मॅट शेजारी बसवा. त्यांना कबड्डी नाही कळली तरी चालेल.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. आधी प्लेयर व्हायचं म्हणत होता, तुमचा लेख वाचून आता कोच होणार म्हणतो. याचे वडील म्हणतात हा सगळा जुगार आहे. मी काय समजू? – एक आई, नाशिक

ताई, आधी जुगाराचं बोलू, कारण ती भीती खरी आहे आणि ती भीती वाटणाऱ्या वडिलांना वेड्यात काढू नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे आणि ईस्पोर्ट्स वेगळं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला क्रीडा खात्याखाली आणलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला त्यात पैशांच्या खेळांवर बंदी घातली पण ईस्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. आशियाई क्रीडा स्पर्धेत 2018 ला जकार्ताला ईस्पोर्ट्स प्रदर्शनीय होतं, तेव्हा आपल्या तीर्थ मेहताने हर्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, आणि 2023 मध्ये हांगझोऊला तर ईस्पोर्ट्सची मेडलं पदकतक्त्यात धरली गेली. एवढं तुम्ही त्याच्या वडिलांना नक्की सांगा. आणि मुलगा खरंच काय खेळतो, पैसे कुठे लावतो का, हे मात्र एकदा शेजारी बसून बघा.

आता दुसरी बाजूही सांगतो कारण लेखात मी ती कमी लिहिली, ती माझी चूक. हे क्षेत्र आपल्याकडे अजून फार डळमळीत आहे. पबजी मोबाइल 2 सप्टेंबर 2020 ला बंद झालं, तेच बीजीएमआय म्हणून जुलै 2021 ला आलं, जुलै 2022 ला परत गायब, मे 2023 ला परत सुरू. विचार करा, क्रिकेटच्या कोचला एका सकाळी सांगितलं की आजपासून देशात क्रिकेट नाही तर त्याने काय करायचं? अशा वेळी प्लेयर दुसरा गेम धरतो किंवा स्ट्रीमिंग करतो, कोचचं मात्र पहिलं नाव कापलं जातं, हे मी जवळून बघितलंय. आणि वर पोचल्यावर सगळं सोपं असतं असंही नाही, मे 2020 मध्ये ॲस्ट्रालिसचा कॅप्टन ग्लेव्ह आणि त्यांचा झिपनाइन हे दोघं ताण सहन होईना म्हणून सुट्टीवर गेले. जगातली सर्वात यशस्वी टीम होती ती.

म्हणून माझं स्पष्ट मत, बीकॉम पूर्ण करू द्या, त्यात तडजोड नको. आणि कोच व्हायचंय ना, तर त्याला म्हणा वही दाखव. ज्याला खरंच हे काम करायचंय तो मॅच बघताना काही ना काही लिहितो, कुठल्या राऊंडला कोणाकडे गेममधले किती पैसे होते, स्मोक कधी पडला, कोण कधी गप्प झाला. वही असेल तर पोराला दोन वर्षं द्या, कॉलेज सांभाळून. वही नसेल तर त्याला अजून गेम खेळायलाच आवडतो, आणि त्यातही काही वाईट नाही, पण ते करिअर नाही.

प्रश्न : सगळ्या कोचना इतकं डोक्यावर घेऊ नका. 2020 ला कोच लोकांनीच चीटिंग केलं होतं ते विसरलात का? – वाचक, ठाणे

नाही विसरलो, आणि तुम्ही आठवण केली ते योग्यच केलं. कोचला मॅच बघायला जो कॅमेरा मिळायचा त्यात एक बग होता, कॅमेरा मॅपच्या एका जागेवर अडकून राहायचा आणि तिथून समोरची टीम दिसायची. प्रामाणिक माणूस असेल तर तिथल्या तिथे मॅच थांबवून सांगेल. काहींनी सांगितलंही. पण सप्टेंबर 2020 च्या शेवटी ईस्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने 37 कोचवर बंदी घातली, काहींना काही महिने, काहींना तीन वर्षांपर्यंत. हे उघडकीला आलं कसं, तर एका रेफ्रीने ते शोधून काढलं आणि मग जुने डेमो तपासले गेले. या 37 जणांच्या टीममधल्या मुलांचा विचार करा, त्यांनी जिंकलेल्या मॅचवर कायमचा डाग. मला त्याची अजून चीड येते.

प्रश्न : आमच्या टीममध्ये तिघं मराठी, एक तमिळ, एक पंजाबी. घाईत तिघं मराठीत बोलतात आणि बाकी दोघं चिडतात. काय करायचं? – वाचक, पणजी

व्हायटॅलिटीचं उदाहरण घ्या. ती फ्रेंच टीम, फ्रेंचमध्येच बोलायची. जानेवारी 2022 ला झोनिक आला, त्याच्याबरोबर ड्युप्री आणि मॅजिस्क हे दोन डॅनिश आले आणि टीमने भाषा बदलून इंग्लिश केली. पहिलं वर्ष सोपं नव्हतं. कॅप्टन एपेक्स तसा भावनेच्या भरात बोलणारा, त्याला सगळं परक्या भाषेत करायचं होतं. मे 2023 ला पॅरिसमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्यांनी मेजर जिंकलं, काउंटर स्ट्राइकच्या सीएस:गो या आवृत्तीचं ते शेवटचं मेजर, फायनल 2-0.

तुम्हाला अख्खी भाषा बदलायची गरज नाही. पन्नास-साठ शब्द ठरवा. जागांची नावं, आकडे, थांब, चल, मागे ये. एकेका गोष्टीला एकच शब्द, तो मराठी असो की तमिळ, पण पाचही जणांच्या तोंडी तोच. कागदावर लिहून प्रत्येकाच्या मॉनिटरखाली चिकटवा. राऊंड संपला की मग मनसोक्त मराठीत बोला.

प्रश्न : वय 24. तीन वर्षं एका टीमकडून खेळलो, गेल्या महिन्यात मेसेज करून काढलं. आता कोचिंगकडे वळायचं आहे. सुरुवात कुठून करू? पैसे बुडण्याची भीती वाटते. – माजी प्लेयर, नागपूर

मेसेजवर काढलं हे वाचून वाईट वाटलं, मित्रा. त्याला जबाबदार तू नाहीस. पहिले पंधरा दिवस काहीच ठरवू नकोस, झोप नीट घे, रात्री तीनची सवय मोड.

पैशाचं आधी, कारण भीती बरोबर आहे. मी स्वतः एका टीमबरोबर काम केलं होतं, नाव घेत नाही, तिथे तीन महिन्यांचे पैसे बुडाले आणि ते मागायला माझ्याकडे कागदच नव्हता, सगळं व्हॉट्सॲपवर. त्यामुळे सही केल्याशिवाय एकही स्क्रिम, म्हणजे सराव सामना, बघायचा नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये हे चार प्रश्न विचार : दर महिन्याला किती तारखेला पैसे, बक्षिसात कोचचा वाटा किती टक्के, काढायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि गेम देशात बंद झाला तर काय. शेवटचा प्रश्न विचारलास की समोरच्याचा चेहरा बघ, बरंच काही कळतं.

आता काम. मोठ्या टीमला ईमेल पाठवत बसू नकोस, अजून नाही. तुझ्या जवळपास कॉलेजची पाच मुलं असतीलच जी रोज खेळतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही, त्यांना धर. पहिले तीन आठवडे काहीही शिकवू नकोस. फक्त डेमो बघ आणि लिही. तुझी सगळ्यात मोठी अडचण ही असणार आहे की तुला वाटेल, माऊस मला दे मी करून दाखवतो. तुझा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहेच, पण तो माऊस हातात घेतलास की ती मुलं तुझ्याकडे बघायला लागतात आणि स्वतःच्या खेळाकडे बघायचं सोडतात. मला ही सवय सोडायला वर्ष लागलं. खिशात हात घालून उभा राहायचो, अक्षरशः.

आणि त्यांना उत्तर सांगू नकोस, विचार. डेमो थांबव आणि विचार, तू इथे का उभा आहेस? तुला काय माहीत होतं? कोणी सांगितलं? पहिल्यांदा ते म्हणतील, असंच. चौथ्या-पाचव्या वेळेला खरं उत्तर येतं.

तीन आठवड्यांनी ती वही मला पाठव, पानांचे फोटो काढून पाठवलेस तरी चालेल, अक्षर कसंही असू दे. मी सगळी वाचेन आणि पुढच्या अंकाच्या आधी तुला फोन करेन.